रोड, क्रॉस, एमटीबी : आधी रिकामे आठवडे लिहा

माझ्याकडे सायकल शर्यती शिकायला येणारी सतरा-अठरा वर्षांची मुलं-मुली पहिल्याच भेटीत यादी पुढं करतात. सप्टेंबर ते जानेवारी सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातली, अधूनमधून उतरून सायकल घेऊन धावायची शर्यत; थोडक्यात क्रॉस), मार्चपासून रोड, मे महिन्यात माउंटन बाईकचे (एमटीबी) वर्ल्ड कप, उरलेल्या रविवारी ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यांवरची) आणि "जमलंच तर" ट्रॅक. ती यादी हातात घेतली की मला माझी एकोणिसाव्या वर्षीची वही आठवते. त्या वर्षी पाठीवर नंबर लावून मी 68 वेळा उतरले. शेवटच्या वीस शर्यतींत कितवी आले ते वहीत आहे, पण त्यातली एकही शर्यत मला आठवत नाही. नुसते आकडे उरलेत.

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि कोरं कॅलेंडर घ्या. सगळ्यात आधी त्यात रिकामे आठवडे लिहायचे. मुख्य मोसम संपला की सलग तीन आठवडे, त्यातले पहिले दहा दिवस सायकलला हातसुद्धा लावायचा नाही. क्रॉस आणि रोड यांच्या मध्ये आणखी आठ-दहा दिवस. हे पेनानं लिहा, पेन्सिलीनं नको. पेन्सिलीनं लिहिलेली विश्रांती पहिल्या आमंत्रणाला खोडली जाते. त्यानंतर वर्षातली एकच मुख्य शर्यत ठरवा. ती ठरली की बाकीच्या शर्यती तिच्या आजूबाजूला आपोआप बसतात. काही बसत नाहीत, त्या सोडायच्या.

नेदरलँड्सच्या माथ्यू वॅन डर पूलचा 2023-24 चा मोसम बघा. क्रॉसच्या फक्त 14 शर्यती, त्यातल्या 13 जिंकल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ताबोरमध्ये जागतिक विजेतेपद घेतलं आणि नंतर थेट 16 मार्चला मिलान-सान रेमो या रोड शर्यतीला उतरला. मधले सहा आठवडे एकही शर्यत नाही. त्याच वसंतात त्यानं फ्लँडर्स आणि रूबे या मोठ्या रोड शर्यती, दोन्ही जिंकल्या. लोकांच्या लक्षात विजय राहतात. मी मुलांना ते सहा आठवडे दाखवते. मूल म्हणतं, "तो वॅन डर पूल आहे, त्याला परवडतं." मी म्हणते, त्याला परवडतं तर तुला जास्त परवडतं, तुझी वाट कोण बघतंय?

वयाचं गणित

हा भाग कोरडा आहे, पण इथं चुकलात तर अख्खं वर्ष वाया जातं. यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, नियमात 17 आणि 18 वर्षांचे खेळाडू ज्युनिअर, 19 ते 22 वयाचे '23 वर्षांखालील'. वय त्या कॅलेंडर वर्षात तुम्ही किती पूर्ण करता त्यावर ठरतं, वाढदिवस कधी येतो याला महत्त्व नाही. घोळ होतो तो क्रॉसमध्ये. तिथला मोसम दोन वर्षांत पसरलेला असतो आणि गट ठरतो पुढच्या वर्षाच्या वयावर. म्हणजे 2008 साली जन्मलेली मुलगी 2026 मध्ये रोडवर डिसेंबरपर्यंत ज्युनिअर आहे, पण त्याच सप्टेंबरमध्ये क्रॉसला ती वरच्या गटात गेलेली असते. ऑगस्टपर्यंत बरोबरीच्यांत पहिली येणारी पोरगी ऑक्टोबरमध्ये चिखलात बाविशीच्या बायकांच्या मागं धापा टाकते, आणि घरी सगळ्यांना वाटतं हिचा फॉर्म गेला. फॉर्म कुठंही गेलेला नसतो. हे घरच्यांना जूनमध्येच सांगून ठेवा.

कशाला काय जुळतं

दम सगळीकडं चालतो. महिनोन्महिने लांब राइड करून कमावलेला दम चिखलातही कामाला येतो आणि घाटातही. झटक्याचं तसं नाही. क्रॉसची मोठ्यांची शर्यत तासाभराची, त्यात प्रत्येक वळणानंतर दहा-पंधरा सेकंदांचा जोर, असे शंभरेक झटके. फ्लँडर्स किंवा रूबेलाही असेच झटके लागतात, फक्त ते सहाव्या तासाला, अडीचशे किलोमीटरचा थकवा अंगात मुरल्यावर. क्रॉसवाल्याच्या पायात झटका तयार असतो, सहावा तास नसतो. तो वेगळा कमवावा लागतो आणि त्याला तीन-चार हिवाळे जातात. घाई करून तो येत नाही.

क्रॉस आणि एमटीबीतून रोडवर येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट मुळापासून शिकावी लागते : दीडशे जणांच्या घोळक्यात जागा धरणं. उतारावर, ओल्या वळणावर ही मुलं निर्धास्त असतात, पण घोळक्यात शेपटाला राहतात आणि प्रत्येक अरुंद वळणानंतर पुढच्यांना गाठण्यात पाय जाळतात. ज्युनिअर असताना रोडच्या शर्यतीत मी निकालाचं ध्येय देतच नाही. मुलांना एवढंच सांगते की शेवटचे 30 किलोमीटर पहिल्या तिसात राहा, मग शेवटून पहिले आलात तरी चालेल.

ट्रॅकचं नातं वेगळ्या घराशी. पर्स्यूटवाले (ट्रॅकवरचा पाठलाग) आणि टाइम ट्रायलवाले (रोडवर एकट्यानं घड्याळाविरुद्ध) सख्खे भाऊ. इटलीचा फिलिप्पो गान्ना 2020 आणि 2021 मध्ये टाइम ट्रायलचा जगज्जेता होता आणि त्याच 2021 मध्ये टोकियोत सांघिक पर्स्यूटचं सुवर्णही त्याच्या गळ्यात होतं. मात्र ट्रॅक स्प्रिंट किंवा केइरिन अशा झटपट वेगाच्या ट्रॅक शर्यती करणाऱ्यांनी लांब टप्प्यांच्या शर्यतीची स्वप्नं बघू नयेत. तो वेगळाच देह असतो. तरीही सोळा-सतराच्या वयात एक हिवाळा ट्रॅकवर घालवा असं मी सगळ्यांना सांगते. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही (म्हणजे चाक फिरतं तोवर पायही फिरतात), पुढच्याच्या चाकामागं हातभर अंतरावर. माणूस आपोआप शांत होतो.

माझा हिशेब असा : ज्युनिअर असताना मिळेल ते करा, 23 खालच्या गटात दोन प्रकार ठेवा, करार झाला की एक मुख्य आणि एक जोड. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकनं 2017 मध्ये ज्युनिअर म्हणून जानेवारीत क्रॉसचं जागतिक विजेतेपद घेतलं, एप्रिलमध्ये ज्युनिअर पॅरिस-रूबे जिंकली आणि सप्टेंबरमध्ये बर्गनला टाइम ट्रायलचं जागतिक विजेतेपद. ज्युनिअरांच्या शर्यती लहान असतात, म्हणून हे एका वर्षात बसलं. मोठ्यांत आल्यावर त्यानंही बरंच सोडलं.

मागची रांग

क्रॉस आणि एमटीबीत सुरुवातीची जागा रँकिंगवर मिळते. आठ-आठ जणांच्या ओळी लावतात. नाव पुकारलं जाईपर्यंत तुम्ही कुंपणाशी गारठत उभे. पहिल्या मिनिटानंतर वाट अरुंद होते, पुढचे निसटतात आणि मागचे पाय खाली टेकून रांगेत उभे राहतात. तुमचे पाय कितीही चांगले असोत, तिथं चाळीस सेकंद गेलेच. रोडवरचे गुण एमटीबीच्या रँकिंगला जात नाहीत, आणि असलेले गुण वर्षभरानं गळून पडतात. एक मोसम एखादा प्रकार सोडलात की पुन्हा शेवटच्या ओळीत.

स्लोव्हाकियाचा पीटर सागान ज्युनिअर असताना एमटीबीचा जगज्जेता होता. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला तो रोडचा जगज्जेता म्हणून एमटीबीत उतरला, तेव्हा सगळ्यांच्या मागं उभा होता. पहिल्याच फेरीत पुढच्या तिघांत आला, नंतर टायर फुटले आणि 35 वा आला. पिडकॉक 2021 मध्ये आल्बश्टाटच्या एमटीबी वर्ल्ड कपला बऱ्याच मागच्या ओळीतून पाचवा आला आणि पुढच्या आठवड्यात नोव्हे मेस्तोचा वर्ल्ड कप जिंकला. ती नाटकं त्यांना शोभतात. तुम्ही मोसमाच्या सुरुवातीलाच वर्ल्ड कपच्या खालच्या सी1, सी2 दर्जाच्या दोन-तीन छोट्या शर्यती गाठा, जिथं मोठी नावं येत नाहीत. गुण तिथून येतात. वर्ल्ड कपमध्ये 61 वं येऊन फोटो मिळतो.

उतरणं

क्रॉसमध्ये सायकलवरून उतरण्याची रीत शब्दांत सांगून येत नाही, तरी सांगते, कारण चुकीचं शिकलेलं मोडायला दोन मोसम जातात.

अडथळ्याच्या फळ्या जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर उंच, दोहोंत 4 ते 6 मीटर अंतर. पंधराएक मीटर आधी ब्रेक मारून वेग हवा तेवढा करून घ्या. उजवा पाय पेडलला बूट धरणाऱ्या क्लिपमधून सोडवा आणि सीटच्या मागून डाव्या बाजूला आणा. आता सगळं वजन डाव्या पेडलवर आहे, उजवा हात फ्रेमच्या वरच्या नळीवर आणि डावा हँडलवर. उजवा पाय डावा पाय आणि सायकल यांच्या मधून पुढं काढा, त्याच क्षणी डावी टाच बाहेर वळवून क्लिप सोडा, आणि उजवं पाऊल आधी टेकवा. ते पाऊल थांबायचं नसतं, धावायचं असतं. तिथं टाच आपटली तर सायकल पुढं आणि तुम्ही मागं. चढताना उंच उडी मारू नका. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर घसरत आली पाहिजे. फाटकन बसलात तर तासाभरात सतरा वेळा बसायचंय हे लक्षात ठेवा.

आता डावा हात. उतरताना हँडलवर तो एकटाच असतो, तेव्हा त्याच्या बोटांखाली कुठला ब्रेक आहे हे तुम्हाला झोपेतही सांगता आलं पाहिजे. विसाव्या वर्षी मी एका टीमकडून गेले. त्यांनी दिलेल्या सायकलला ब्रेक उलटे लावलेले होते. माझ्या घरच्या सायकलला डावीकडं मागचा, त्यांच्याकडं डावीकडं पुढचा. मेकॅनिकला मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पहिल्या फळीपाशी डाव्या बोटांनी थोडा वेग मारला आणि हँडलवरून पलीकडे गेले. दात वाचले, हनुवटीला चार टाके. तेव्हापासून माझ्या मुलांच्या सगळ्या सायकलींना, रोड असो वा डोंगरातली, पुढचा ब्रेक एकाच बाजूला. टीम बदलली की पहिला प्रश्न हाच.

माप

चार प्रकारच्या सायकली म्हणजे गुडघ्याला चार प्रकारे दुखायची संधी. पेडलच्या ॲक्सलची मधली रेघ ते सीटचा माथा, सीटचं नाक मधल्या ॲक्सलच्या किती मागं, क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी, क्लीटची (बुटाखालच्या, पेडलला अडकणाऱ्या पट्टीची) जागा : हे आकडे मिलिमीटरमध्ये लिहून कार्ड पाकिटात ठेवा. रोडचे बूट तीन बोल्टवाल्या क्लीटचे, क्रॉस-एमटीबीचे दोन बोल्टवाले. तळव्याची जाडी निराळी, म्हणून सीटची उंची नुसती नक्कल करून चालत नाही. एमटीबीत पेडल एकमेकांपासून जरा लांब असतात आणि खडकाळ उतारावर अंग मागंपुढं करायचं असतं, तर तिथं सीट किंचित खाली चालते. माझ्या दोन सायकलींत 6 मिलिमीटरचा फरक राहून गेला होता. सहा मिलिमीटर म्हणजे काय, पेन्सिलीची जाडी. गुडघ्याची बाहेरची बाजू पाच आठवडे धरली.

टायरबद्दल थोडक्यात. क्रॉसला रुंदी 33 मिलिमीटरच्या वर चालत नाही, पंच मोजतात. हवेचा आकडा दुसऱ्याला विचारू नका. साठेक किलोचं माणूस असेल तर 1.8 बारनं सराव फेरी सुरू करा, दर फेरीला 0.1 कमी करा. एखाद्या मुळावर रिम टकदिशी लागल्याचा आवाज आला की तिथून 0.1 परत भरा. तो तुमचा त्या दिवसाचा आकडा. पावसाची सर आली तर पुन्हा पहिल्यापासून. गेज एकच वापरा, स्वतःचं. दोन गेज कधीच एकमत होत नाहीत.

आणि कोर्स पायी फिरा, शर्यतीच्या सकाळीही. टोकियोत 2021 मध्ये वॅन डर पूल एका मोठ्या दगडावरून खाली येताना कोसळला, कारण सरावात तिथं उताराला लाकडी फळी होती आणि शर्यतीत ती नव्हती. ती काढलेली असेल हे त्याला माहीतच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी याच माणसानं टूर दी फ्रान्समध्ये सहा दिवस एकूण आघाडीवरच्याची पिवळी जर्सी घातली होती आणि टोकियोसाठीच टूर अर्धी सोडली होती. पाठ दुखावली, त्या हिवाळ्यातला क्रॉसचा मोसम बुडाला. टोकियोचं सुवर्ण पिडकॉकला मिळालं, ज्याचं कॉलरबोन दोनच महिन्यांपूर्वी मोडलं होतं.

करार

टीम मॅनेजर गोड बोलतात. "क्रॉस कर की, आम्हाला आवडतं" हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या टीमच्या जेवणाच्या टेबलावर ऐकलं आहे. पहिल्या वेळी करारात ते नव्हतं. नोव्हेंबरमध्ये फोन आला की डिसेंबरचा कॅम्प सक्तीचा आहे. माझ्या डिसेंबरात पाच क्रॉस होत्या, पाचही गेल्या.

सही करण्याआधी कागदावर एवढं मागा : कुठल्या प्रकारात, वर्षाला किती शर्यती तुम्ही स्वतः ठरवाल. सायकल कोण देणार, कारण टीमचा सायकल कंपनीशी करार असतो आणि ती कंपनी क्रॉस किंवा एमटीबी बनवत नसेल तर दुसरी सायकल चालवायची लेखी परवानगी लागते. क्रॉसच्या पिटमध्ये (शर्यतीत सायकल बदलायची जागा) दुसरी सायकल आणि ती धुणारा माणूस कुणाचा. चिखलाच्या दिवशी दर अर्ध्या फेरीला सायकल बदलावी लागते, एकट्यानं ते होत नाही. रोडबाहेरच्या शर्यतीत जखमी झालात तर विमा आणि पगार चालू राहणार का. हा शेवटचा मुद्दा काढला की खोलीत जरा शांतता पसरते. पसरू द्या. पुरुषांच्या वर्ल्डटीममध्ये (सगळ्यात वरच्या दर्जाची टीम) नवख्याचा पहिला करार किमान दोन वर्षांचा असतो, म्हणजे चुकीच्या कागदाबरोबर दोन वर्षं राहायचं असतं.

उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव आलं की रोजचा एक तास आणि ठिकाण आधी कळवून ठेवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की नियमभंग. चार प्रकार खेळणाऱ्याचं अंथरूण दर आठवड्याला वेगळ्या गावात असतं, म्हणून ही चूक यांच्याकडूनच जास्त होते. तास पहाटेचा निवडा, झोपेत असताना तुम्ही हमखास जागेवर असता. शर्यत आयत्या वेळी रद्द झाली तर पहिला बदल तिथं, मग घरी फोन.

शरीर

फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्होकडं 2015 मध्ये एकाच वेळी रोड, क्रॉस आणि एमटीबीची जागतिक विजेतेपदं होती. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी रिओत तिनं एमटीबीची शर्यत अर्ध्यावर सोडली. नंतर कळलं की पायाकडं जाणारी इलियाक धमनी अरुंद झाली आहे. 2019 मध्ये शस्त्रक्रिया झाली. हे दुखणं सायकलवाल्यांचंच. हजारो तास कमरेत वाकून पाय मारल्यानं धमनीची भिंत जाड होते. पूर्ण जोर लावला की एक पाय जड होतो, बधिरतो, थांबलं की पाच मिनिटांत ठीक. आरामात केलेली तपासणी स्वच्छ येते, म्हणून डॉक्टरही म्हणतात मनाचं आहे. एकच पाय, तोही जोर लावल्यावरच, असं असेल तर व्यायामानंतर लगेच घोट्यावरचा रक्तदाब मोजून घ्या. ती फेराँ-प्रेव्हो 2024 मध्ये पॅरिसला एमटीबीचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकली आणि मग पूर्णपणे रोडवर येऊन 2025 मध्ये पॅरिस-रूबे आणि टूर दी फ्रान्स फाम (महिलांची टूर), दोन्ही. या खेपेला एकामागून एक.

नेदरलँड्सची मारियाना वॉस ट्रॅक आणि रोड, दोन्हीकडची ऑलिंपिक विजेती. 2015 चा जवळजवळ सगळा मोसम तिला अतिश्रमानं आणि दुखापतीनं सोडावा लागला. 2022 मध्ये ती क्रॉसची आठव्यांदा जगज्जेती झाली.

मुलींसाठी एक, स्पष्टच : पाळी बंद होणं म्हणजे फिट होणं नव्हे. आमच्या वेळी बंद झाली की कोच खूश व्हायचे. शरीराला पुरेसं खायला मिळत नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि त्याची किंमत हाडं देतात. मुलांत हीच गोष्ट दिसत नाही म्हणून उशिरा कळते. लांब रोड राइडला तासाला 60 ते 90 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे, आणि पोटालाही त्याची सवय आधी लावावी लागते. क्रॉसचा तासभर पाण्यावर निघतो, म्हणून फेब्रुवारीत क्रॉसमधून आलेली मुलं पाच तासांच्या राइडला एक बाटली घेऊन येतात. तिसऱ्या तासाला त्यांना गाडीत घ्यावं लागतं.

माझी मुलं रोज सकाळी उठल्या उठल्या वहीत तीन गोष्टी लिहितात : झोप किती, नाडी किती, आणि सायकल बघून काय वाटलं ते एका शब्दात. नाडी सलग तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठनं वर राहिली आणि शब्द "नको" असला, तर त्या आठवड्याची शर्यत गेली. रद्द करायचा फोन मी करते. हे आम्ही मोसमाच्या आधीच ठरवून ठेवतो, कारण शुक्रवारी संध्याकाळी गाडीत सायकली चढवून झाल्यावर सतरा वर्षांच्या मुलाला "नाही जात" म्हणता येत नाही, आणि त्याच्या बापाला तर मुळीच नाही. गेल्या मोसमात असे चार फोन केले. तिसऱ्या फोनला पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वहीत मात्र तिनं तिसऱ्या दिवशी लिहिलं होतं : "नवीन टायर".